शेतीचे उच्च शिक्षण : तंत्र, व्यवस्थापन आणि उपजीविका

बारावीचा निकाल लागतो त्याच सुमारास शेतात मृगाच्या पेरणीची तयारी चालू असते. अशा वेळी परभणी जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांत एक प्रश्न उभा राहतो : मुलाला अथवा मुलीला कृषी महाविद्यालयात घालावे किंवा नाही? वरवर पाहता हा शिक्षणाचा प्रश्न वाटतो. परंतु त्यात घरच्या जमिनीचा, काढाव्या लागणाऱ्या कर्जाचा आणि एका कर्त्या माणसाच्या चार वर्षांच्या श्रमाचा विचार गुंतलेला असतो. हा प्रश्न बहुधा प्रथम गावातील कृषी कर्मचाऱ्यालाच विचारला जातो. त्याने ऐकीव माहितीवर उत्तर देऊ नये आणि पालकांनीही शेजाऱ्याचे पाहून निर्णय घेऊ नये, या हेतूने प्रस्तुत पाठात या शिक्षणाचे स्वरूप, त्याचा खर्च आणि त्यातून मिळणाऱ्या उपजीविकेच्या वाटा यांचा विचार केला आहे.

१. कृषिशिक्षणाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शेतीच्या उच्च शिक्षणाचा आरंभ एकोणिसाव्या शतकातच झाला. पुणे येथील विज्ञान महाविद्यालयात १८७९ मध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले आणि १९०७ मध्ये तेथे स्वतंत्र कृषी महाविद्यालय स्थापन झाले. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ चे. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. परभणी येथे १९१८ पासून शेतीविषयक प्रयोगक्षेत्र होते. परंतु महाविद्यालय निघण्यास १९५६ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

केवळ शिकविणारे महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठ यांत महत्त्वाचा भेद आहे. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने जमिनी देऊन जी महाविद्यालये उभारण्यात आली, त्यांतून अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एका छत्राखाली करण्याची पद्धती विकसित झाली. भारतात ती प्रथम १९६० मध्ये पंतनगर येथे स्वीकारण्यात आली. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी व १९६९ मध्ये अकोला येथील विद्यापीठे स्थापन झाली. त्यानंतर १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली येथील विद्यापीठे अस्तित्वात आली. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

या तिहेरी कामाची फळे आपल्या शेतात दिसतात. भेंडीची परभणी क्रांती, रब्बी ज्वारीची परभणी मोती, बदनापूर केंद्राची बीडीएन ७११ ही तूर आणि सोयाबीनचे एमएयूएस ७१ व एमएयूएस १५८ हे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, म्हणजे १८ मे रोजी भरणारा खरीप मेळावा आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर रोजी भरणारा रब्बी मेळावा यांना जाणारे शेतकरी पुष्कळ आहेत. तेथे बियाणे घेऊन परत येणाऱ्या पालकाने पुढच्या खेपेस महाविद्यालयाच्या इमारतीतही डोकावून यावे. ज्या संस्थेत मूल चार वर्षे राहावयाचे, ती डोळ्यांनी पाहिलेली बरी.

२. काय शिकविले जाते?

बारावी विज्ञानानंतरचा कृषिपदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा असतो. त्यातील विषयांचे स्थूलमानाने दोन भाग पडतात.

पहिला भाग तंत्राचा. जमिनीची घडण व तिच्यातील अन्नद्रव्ये, पिकांची लागवड, वनस्पतींची पैदास व बीजोत्पादन, कीड व रोग, फळबागा व भाजीपाला, पाणी व अवजारे, पशुसंवर्धन हे विषय त्यात येतात. दुसरा भाग व्यवस्थापनाचा. शेतीचे अर्थशास्त्र, उत्पादनखर्च, पतपुरवठा, सहकार, विपणन आणि विस्तारशिक्षण यांचा समावेश त्यात होतो. पहिला भाग पीक कसे वाढते हे सांगतो. दुसरा भाग त्या पिकातून घर कसे चालते हे सांगतो.

परभणी विद्यापीठाच्या कक्षेत कृषिपदवीखेरीज उद्यानविद्या, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, सामुदायिक विज्ञान व जैवतंत्रज्ञान यांचेही अभ्यासक्रम आहेत. लातूर जिल्ह्यातील चाकूर येथे कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचे महाविद्यालय आहे. ज्याला शेतमालाच्या प्रक्रियेची आवड आहे त्याने अन्नतंत्रज्ञानाचा, यंत्रांची आवड आहे त्याने अभियांत्रिकीचा आणि खरेदी-विक्रीत ज्याचे मन रमते त्याने व्यवसाय व्यवस्थापनाचा विचार अवश्य करावा. दहावीनंतर लवकर कामास लागू इच्छिणाऱ्यांसाठी कृषी विद्यालयांतील पदविका हाही एक मार्ग आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात येतात. गावोगाव त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. बीजप्रक्रिया, मातीचा नमुना घेणे, फवारणीतील दक्षता अशी प्रात्यक्षिके ते करून दाखवितात. त्यानंतर अनुभवाधारित शिक्षणाच्या सत्रात एखादा उद्योग, उदाहरणार्थ रोपवाटिका अथवा बीजोत्पादन, हाती घेऊन त्याचा जमाखर्च ठेवावयाचा असतो. हे वर्ष ज्याने मनापासून केले, त्याला पदवीचा अर्थ कळला असे समजावे.

३. तंत्र आणि व्यवस्थापन : एक हिशेब

केवळ तंत्र शिकणे अपुरे का पडते, हे एका उदाहरणाने पाहू. आपल्या भारी काळ्या जमिनीत सोयाबीन रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरण्याची शिफारस आहे. पाऊस अधिक झाल्यास जादा पाणी सऱ्यांवाटे निघून जाते आणि पावसाने ताण दिल्यास वरंब्यातील ओल टिकून राहते. तंत्र उत्तम आहे. त्यासाठी यंत्र घ्यावे काय, हा मात्र व्यवस्थापनाचा प्रश्न होय. पुढील आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. आपल्या गावचे दर घालून हिशेब पुन्हा करावा.

समजा, यंत्राची किंमत १,००,००० रुपये, आयुष्य १० वर्षे आणि अखेरीस मोडीची किंमत १०,००० रुपये आहे.

वार्षिक घसारा : (१,००,००० − १०,०००) ÷ १० = ९,००० रुपये.
सरासरी गुंतवणूक ५५,००० रुपये; तीवर १० टक्के व्याज = ५,५०० रुपये.
निवारा व किरकोळ दुरुस्ती = २,५०० रुपये.
एकूण स्थिर खर्च = १७,००० रुपये प्रतिवर्षी.

यंत्र चालो वा न चालो, हा खर्च चुकत नाही. आता ट्रॅक्टर घरचा असून डिझेल, चालकाची मजुरी व ट्रॅक्टरची झीज मिळून एकरी ६०० रुपये लागतात असे धरू. गावात भाड्याने अशी पेरणी करून घेण्याचा दर एकरी १,००० रुपये आहे असेही मानू.

घरची जमीन ६ एकर असेल आणि यंत्र तेवढ्यावरच चालले, तर स्थिर खर्च एकरी सुमारे २,८३३ रुपये पडतो. त्यात ६०० रुपये मिळविले असता पेरणी एकरी ३,४३३ रुपयांस पडली. भाड्याने ती १,००० रुपयांत झाली असती. उलट यंत्र इतरांच्या शेतावर भाड्याने चालविल्यास दर एकरी ४०० रुपये सुटतात. १७,००० रुपयांस ४०० ने भागल्यास ४२.५ येतात. म्हणजे वर्षात किमान ४३ एकर पेरणी झाली तरच यंत्र स्वतःचा खर्च भागविते.

येथे शेतीशास्त्राचे ज्ञान पुन्हा उपयोगी पडते. काळ्या जमिनीत वाफसा असेल तेव्हाच यंत्र चालते. पेरणीच्या हंगामात वाफशाचे ६ दिवस मिळाले आणि दिवसाला ८ एकर झाले, तर ४८ एकर होतील व थोडेसे उरेल. पाऊस लागून राहिला आणि ५ च दिवस मिळाले, तर ४० एकर होऊन तोटा येईल. म्हणून शहाणा व्यवस्थापक हेच यंत्र रब्बीत हरभऱ्यासाठीही वापरावयाचे ठरवितो. त्या वेळी आणखी ३२ एकर मिळाले, तर एकूण ८० एकरांवर ३२,००० रुपये सुटतात आणि स्थिर खर्च वजा जाता १५,००० रुपये शिल्लक राहतात. ही शिल्लकदेखील भाड्याची उधारी वेळेवर वसूल झाली तरच हाती येते. ती सुगीपर्यंत तुंबली, तर डिझेलसाठी कर्ज काढण्याची पाळी येते.

यंत्राप्रमाणेच वाणाचेही आहे. परभणी शक्ती हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. त्याच्या दाण्यांत लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असते. परंतु हा दाणा मोंढ्यात इतर ज्वारीबरोबर एकाच ढिगात पडला, तर त्याचा गुण तेथेच झाकला जातो. वेगळी साठवण, वेगळे पोते आणि वेगळा ग्राहक यांची व्यवस्था करणारा माणूस गावात असेल, तरच संशोधकाच्या श्रमाचे मोल शेतकऱ्याच्या हाती येण्याची आशा असते. असा माणूस घडविणे हे कृषिशिक्षणाचे काम आहे.

४. पदवीचाही असाच हिशेब करावा

पेरणीयंत्राचा हिशेब करणारे कुटुंब मुलाच्या पदवीचा हिशेब मात्र क्वचित करते. वास्तविक पदवी हेही भांडवल होय. तिच्या खर्चात पुढील बाबी मोजाव्यात : शिक्षणशुल्क, वसतिगृह व भोजन, पुस्तके, प्रवास व सहली, कर्ज काढल्यास त्याचे व्याज, आणि मूल घरी राहिले असते तर त्याने केलेल्या कामाचे मोल. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात.

समजा, या सर्वांची बेरीज चार वर्षांत ४,००,००० रुपये झाली. १० टक्के दराने तिचे केवळ व्याजच वर्षाला ४०,००० रुपये होते. पदवीधर मुलगा घरच्या ५ एकरांवरच आपले ज्ञान वापरणार असेल, तर त्या ज्ञानाने दर एकरी ८,००० रुपयांची जादा शिल्लक पडली पाहिजे. तेव्हा कोठे व्याज निघेल. तोच मुलगा गावातील २०० एकरांना माती परीक्षण, सल्ला, अवजारे अथवा विक्रीची सेवा देऊ लागला, तर तोच भार एकरी २०० रुपयांवर येतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : कृषिपदवी एका घराच्या लहान जमिनीपुरती ठेवली तर ती महाग पडते, अनेक घरांच्या कामी आली तर ती परवडते आणि गावालाही फळते.

म्हणून जमीन विकून अथवा सावकाराकडे गहाण ठेवून अवाच्या सवा रक्कम भरून प्रवेश घेणे, हा व्यवहार सर्वथा टाळावा. पदवी जमीन देत नाही, भांडवल देत नाही आणि नोकरीची हमीही देत नाही. ज्या जमिनीवर ते ज्ञान वापरावयाचे, तीच गमावून ज्ञान मिळविण्यात अर्थ नाही.

५. उपजीविकेच्या वाटा

शासकीय सेवा : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून कृषी सेवेतील अधिकारीपदे भरली जातात; गावपातळीवरील पदांसाठी वेगळी भरती होते. मान व स्थैर्य असल्यामुळे विद्यार्थ्यांचा ओढा इकडेच अधिक असतो. परंतु पदे मोजकी आणि उमेदवार फार, ही वस्तुस्थिती आहे. परीक्षेची तयारी अवश्य करावी. पण तिला किती वर्षे द्यावयाची हे प्रारंभीच घरच्यांशी बोलून ठरवावे. मुदत न ठरविता चाललेली तयारी तरुणाचे वय आणि घराची शिल्लक दोन्ही संपविते.

बँका व उद्योग : बँकांना कृषिकर्जाची छाननी करणारे कृषी अधिकारी लागतात. बियाणे, खते, सूक्ष्म सिंचन व शेतमाल प्रक्रिया या उद्योगांत क्षेत्र प्रतिनिधीपासून व्यवस्थापकापर्यंत कामे असतात. यांत फिरती पुष्कळ असते आणि विक्रीचा तगादाही असतो, हे आधीच समजून घ्यावे.

सेवा केंद्र : केंद्र शासनाने २००२ मध्ये कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. कृषिपदवीधरांना विनामूल्य प्रशिक्षण आणि त्यानंतर बँककर्जाशी निगडित अर्थसाहाय्य अशी तिची रचना आहे. कीटकनाशकांच्या विक्रीपरवान्यासाठी आता शैक्षणिक अर्हता आवश्यक असून कृषिपदवीधर ती पूर्ण करतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस किडीची ओळख पटवून योग्य तेच औषध देणारा असेल, तर शेतकऱ्याची एक अनावश्यक फवारणी वाचते. त्याच्या दुकानाची पतही त्यातूनच वाढते.

शेतकरी उत्पादक कंपनी : कंपनी कायद्यात २००२ मध्ये बदल होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. अशी कंपनी कागदावर उभारणे सोपे, चालविणे अवघड. सोयाबीनची आर्द्रता मोजणे, प्रतवारी करणे, वजन व नोंदी चोख ठेवणे, गोदामातील मालावर तारण कर्ज मिळविणे, भाव पाहून माल सोडणे आणि सभासदांना हिशेब दाखविणे ही सारी कामे जाणणारा व्यवस्थापक हवा असतो. जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा व कापूस मोठ्या प्रमाणावर पिकत असता या कामास तंत्र व व्यवहार दोन्ही जाणणारे तरुण हवे आहेत. आरंभी वेतन थोडे असते; परंतु येथे मिळणारा अनुभव दुसरीकडे मिळत नाही.

स्वतःची शेती : घरी परत येणाऱ्या पदवीधराला ‘शिकून काय केले?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्याने त्याचे उत्तर जमाखर्चाच्या वहीने द्यावे. बीजोत्पादन, रोपवाटिका, दुग्धव्यवसाय, हळदीवरील प्रक्रिया अशा जोडधंद्यांत त्याच्या शिक्षणाचा उपयोग होतो. वडिलांनीही त्याला पहिल्याच वर्षी सर्व शेत न देता एक-दोन एकर स्वतंत्रपणे कसू द्यावे आणि त्याची वही वेगळी ठेवावयास लावावी. अनुभव व अभ्यास यांची सांगड अशीच पडते.

उच्च शिक्षण : संशोधन अथवा अध्यापन यांची आवड असल्यास पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. नोकरी मिळत नाही एवढ्याच कारणास्तव ते घेऊ नये.

६. प्रवेशापूर्वी तपासावयाच्या गोष्टी

(अ) महाविद्यालय राज्यातील चार कृषी विद्यापीठांपैकी कोणाशी संलग्न आहे, याची त्या विद्यापीठाकडून खात्री करून घ्यावी. संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नये.

(आ) प्रक्षेत्र, प्रयोगशाळा, ग्रंथालय व पूर्णवेळ अध्यापक आहेत काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. ज्या महाविद्यालयाच्या शेतात पीक उभे नाही, तेथे शेती कशी शिकविणार?

(इ) पदवीचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या आधारे होतात. त्या परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरावा लागतो. निकालानंतर जागे होणाऱ्यांचे वर्ष वाया जाते.

(ई) पदवीचे शिक्षण इंग्रजीतून होते. मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्यांस पहिले वर्ष जड जाते. बारावीनंतरच्या सुटीत शास्त्रीय शब्दांची वही तयार केल्यास हा भार पुष्कळ हलका होतो.

(उ) जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला व सातबारा उतारा आधीच काढून ठेवावा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती इत्यादी योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचे असतात.

(ऊ) मुलींच्या पालकांनी एका निर्णयाची विशेष नोंद घ्यावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला. कृषी अभ्यासक्रम त्यात समाविष्ट आहेत. पेरणीपासून वेचणीपर्यंतचे निम्म्याहून अधिक काम स्त्रियाच करीत असता, त्या कामाचे शास्त्र शिकण्याची संधी मुलींना नाकारणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

७. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावात बारावी विज्ञानाला बसणाऱ्या मुलामुलींची यादी दिवाळीपूर्वी करावी आणि त्यांच्या पालकांसमोर हा पाठ वाचून दाखवावा. खरीप मेळाव्यास जाताना त्यांतील चार-सहा जणांना बरोबर न्यावे. कृषिदूत व कृषिकन्या गावात येतील तेव्हा त्यांच्या प्रात्यक्षिकांस केवळ छायाचित्रापुरती गर्दी न जमविता त्यांना दोन-तीन शेतकऱ्यांच्या जमाखर्चाचा अभ्यास करावयास द्यावा. त्यातून विद्यार्थ्यांना खरी शेती कळेल आणि शेतकऱ्यांना आपल्या पिकाचा खरा खर्च कळेल. गावचा एखादा पदवीधर परत आला असेल, तर त्याला उत्पादक कंपनीच्या अथवा सोसायटीच्या बैठकीस आवर्जून बोलवावे. गावाने काम दिल्याशिवाय शिकलेला माणूस गावात टिकत नाही.

लक्षात ठेवावयाचे मुद्दे

१. तंत्राने उत्पादन वाढते. व्यवस्थापनाने त्याचे उत्पन्न होते. कृषिपदवीत दोन्ही शिकावयाचे असतात.
२. यंत्राप्रमाणे पदवीचाही स्थिर खर्च मोजावा आणि ती किती एकरांच्या व किती घरांच्या उपयोगी पडेल याचा विचार करावा.
३. नोकरी ही अनेक वाटांपैकी एक वाट आहे. तिच्या तयारीला मुदत असावी.
४. जमीन गमावून पदवी घेऊ नये.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात रुंद वरंबा सरी यंत्र आहे काय? गेल्या वर्षी ते किती एकर चालले? वरील पद्धतीने त्याचा नफा-तोटा काढा.
२. आपल्या गावातील किती तरुण-तरुणींनी शेतीचे शिक्षण घेतले? त्यांच्या ज्ञानाचा गावाला कोणता उपयोग झाला? होत नसल्यास अडचण कोणती?
३. एका पदवीधर व्यवस्थापकाचे वेतन गावातील शेतकऱ्यांनी मिळून द्यावयाचे ठरविल्यास दर एकरी किती रक्कम पडेल? त्या मोबदल्यात त्याच्याकडून कोणती पाच कामे अपेक्षित धराल?